दर बघण्याआधी तारखा बघा

भोसरी एमआयडीसीतल्या दोघा भावांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. भागीदारी फर्म आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवतात, महिन्याला तीस लाखांच्या आसपास बिलिंग होतं आणि वर्षाचा नफा छत्तीस लाखांच्या घरात जातो. ‘कंपन्यांना २२ टक्के कर आणि आम्हाला ३०. येत्या बजेटच्या आधी प्रायव्हेट लिमिटेड करून टाकावी का? आणि १ फेब्रुवारीला आमच्यासारख्यांनी नेमकं बघायचं काय?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: फक्त करासाठी म्हणून बदलू नका. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. टिळक रोडवरच्या माझ्या ऑफिसात गेली पंचवीसएक वर्षं मी एकच गोष्ट बघत आले आहे. आपली मंडळी बजेटमध्ये दर शोधतात, आणि त्यांचा पैसा अडकतो तारखांमध्ये.

आधी दराचा हिशेब मांडू, म्हणजे मनातली रुखरुख जाईल. २०२५-२६ या वर्षाचे नियम धरते. तुमचा नफा भागीदारांचा मोबदला देण्याआधी ३६ लाख. फर्मला खर्चात धरता येणाऱ्या या मोबदल्याची मर्यादा आता पहिल्या सहा लाखांवर ९० टक्के आणि पुढच्या रकमेवर ६० टक्के आहे, म्हणजे ५ लाख ४० हजार अधिक १८ लाख, एकूण २३ लाख ४० हजार. दोघांना प्रत्येकी ११ लाख ७० हजार. दुसरं काही उत्पन्न नसेल तर आयकराच्या नव्या पद्धतीत बारा लाखांच्या आत असल्यामुळे दोघांचाही वैयक्तिक कर शून्य. फर्मकडे उरले १२ लाख ६० हजार, त्यावर उपकरासह ३१.२ टक्क्यांनी ३ लाख ९३ हजार कर. उरलेला नफा भागीदाराच्या हातात करमुक्त.

आता कंपनी. २२ टक्के म्हणतात खरं, पण १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरला की तो दर २५.१७ होतो. तुम्ही दोघांनी प्रत्येकी १२ लाख ७५ हजार पगार घेतलात तर प्रमाणित वजावटीमुळे तुमचा कर शून्य, आणि कंपनीच्या साडेदहा लाखांवर २ लाख ६४ हजार कर. इथे सव्वा लाखाच्या वर वाचल्यासारखे दिसतात. पण उरलेले ७ लाख ८६ हजार घरी न्यायचे झाले की तो लाभांश. २०२० पासून लाभांशावर भागधारकालाच कर भरावा लागतो. तुमच्या दोघांच्या डोक्यावर मिळून आणखी २ लाख ४७ हजार येतात आणि एकूण आकडा पाच लाखांच्या पुढे जातो. लाभांश न घेता सगळाच नफा प्रत्येकी अठरा लाख पगार म्हणून काढला, तर दोघांचा मिळून साधारण ३ लाख २ हजार कर बसतो, म्हणजे फर्मपेक्षा ९१ हजार कमी. हे मी लपवत नाही. पण मग कंपनीचं सक्तीचं ऑडिट, कंपनी निबंधकाकडचे वार्षिक फॉर्म, पगारावरचा टीडीएस, बँकेची सगळी कागदपत्रं नव्याने, जीएसटी क्रमांक नवा, माल घेणाऱ्या पार्टीकडे व्हेंडर कोड नवा. हा खर्च आणि त्रास धरला तर हातात उरतं ते फार थोडं. शिवाय फर्मच्या बाजूने मी भांडवलावरचं १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज धरलेलंच नाही. डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारनाम्यात, तशी तरतूद असेल तर फरक आणखी कमी होतो.

कंपनी करायची चांगली कारणं वेगळी आहेत. पुढची पिढी येते आहे, बाहेरचा गुंतवणूकदार हवा आहे, नफा काढून न घेता चाकणला दुसरं युनिट टाकायचं आहे. असं काही असेल तर जरूर या, बसून बोलू. जबाबदारी मर्यादित राहते हे खरं, पण बँक दोघांच्याही वैयक्तिक हमीवर सही घेतल्याशिवाय कर्ज देत नाही, तेव्हा त्या एका कारणावर फार विसंबू नका.

धोरण म्हणून मात्र तुमची तक्रार रास्त आहे. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के दिला. ती १५ टक्क्यांची सवलत ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांपुरतीच होती, नंतर वाढवली नाही. या सगळ्यात भागीदारी फर्मचा ३० टक्के दर जागचा हलला नाही. भोसरीच्या सेक्टरमधून चालत गेलात तर पाट्यांवर ‘एंटरप्रायझेस’, ‘इंजिनिअरिंग वर्क्स’, ‘इंडस्ट्रीज’ अशी नावं दिसतात. माझ्याकडे अशा पाट्यांची जी गिऱ्हाइकं आहेत, त्यातली बहुतेक एकल मालकी किंवा भागीदारीची आहेत. तीच जोखीम, तीच मशिनं, तोच घाम, पण कर मालकीचा साचा बघून वेगळा. फर्मचा दर २५ वर आणावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी जिथे विचारलं जातं तिथे सांगत आले आहे.

पण आता मूळ मुद्द्यावर येते. तुमची मोठी पार्टी पैसे नव्वद दिवसांनी देते असं तुम्ही लिहिलंय. महिन्याचं तीस लाखांचं बिल १८ टक्के जीएसटीसह ३५ लाख ४० हजारांचं होतं. तेच पैसे कायद्याने सांगितलेल्या पंचेचाळीस दिवसांत आले असते, तर तुमचे ५३ लाख रुपये मोकळे झाले असते. सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर, १० टक्के व्याज धरा, वर्षाला ५ लाख ३० हजार होतात. पैसा बँकेचा असो की घरचा, किंमत तीच. आता हा आकडा फर्मच्या आयकराशेजारी ठेवा. आयकर ३ लाख ९३ हजार. म्हणजे सरकारला जितका कर देता त्याहून जास्त रक्कम तुम्ही उशिरापायी घालवता, आणि ती ना कुठल्या चलनावर दिसते ना नोटिशीत.

त्यात जीएसटीची भर. मेच्या मध्याला माल पाठवलात, बिल केलंत, की त्यावरचा कर २० जूनला भरायचा. पैसे येणार ऑगस्टच्या मध्यावर. मधले पंचावन्न दिवस पार्टीचा कर तुम्ही तुमच्या खिशातून भरलेला असतो. पार्टीचं मात्र तुमच्या बिलावरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची स्वतःच्या करातून मिळणारी वजावट, तोवर वापरूनही झालेलं असतं. आणि पार्टी बुडालीच, तर बुडीत बिलावर भरलेला जीएसटी परत मिळायची सोय कायद्यात नाही. माझ्या एका पॅकेजिंगवाल्या गिऱ्हाइकाची अशी जवळजवळ वर्षभराची येणी बुडाली. मालाचे पैसे गेले ते गेलेच, वर त्या मालावरचा कर त्याने आधीच भरून टाकला होता. माझ्यासमोर बसून तो विचारत होता, ‘मॅडम, मला न मिळालेल्या पैशावर मी कर का भरला?’ मी त्याला कलम दाखवू शकले, उत्तर देऊ शकले नाही.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. जीएसटीच्या आधी सेवाकरात ५० लाखांपर्यंतच्या व्यक्तींना आणि भागीदारी फर्मना पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती. ती जीएसटीत आली नाही. निदान सूक्ष्म उद्योगांना ती परत द्यावी. सरकारचा कर बुडत नाही, दोन महिने पुढे जातो इतकंच. क्रेडिटही पैसे दिल्यावरच मिळेल असं ठेवलं, तर पार्टीलाही वेळेवर पैसे द्यायचं कारण मिळेल.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बजेटच्या दिवशी घडली नाही. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के कर १८ झाला. तुमचा माल २८ मध्येच होता. तुम्ही स्टील आणि बाकीची खरेदी महिन्याला सोळा लाखांची सांगितलीत, तिच्यावर १८ टक्क्यांनी २ लाख ८८ हजारांचं क्रेडिट. आधी महिन्याला रोख भरणा होता ५ लाख ५२ हजार, आता २ लाख ५२ हजार. पंचावन्न दिवसांच्या हिशेबाने पूर्वी सुमारे दहा लाख अडकून असायचे, आता साडेचारच्या आसपास. साडेपाच लाखांचं खेळतं भांडवल मोकळं झालं. तुमच्या नफ्यावरचा दर एका पैशानेही बदलला नाही, तरी गेल्या कित्येक बजेटांनी तुम्हाला दिलं नसेल एवढं त्या एका निर्णयाने दिलं. जीएसटीचे दर १ फेब्रुवारीच्या भाषणात ठरत नाहीत, परिषदेत ठरतात. त्या बैठकीच्या बातम्याही तितक्याच लक्ष देऊन वाचा.

बजेट भाषणातली टाळ्यांची वाक्यं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पाठ होतात. मी त्या रात्री वित्त विधेयक वाचते, कारण तुमच्यासारख्यांचा पैसा तिथे हलतो. जुलै २०२४ च्या बजेटचंच घ्या. सगळीकडे चर्चा भांडवली नफ्याच्या साडेबारा टक्क्यांची होती. त्याच विधेयकात १९४टी नावाचं कलम आलं: भागीदाराला मोबदला, व्याज वगैरे वर्षात वीस हजारांच्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा, १ एप्रिल २०२५ पासून. तुमच्या बाबतीत काय होतं बघा. दोघांचा कर शून्य, पण प्रत्येकी १ लाख १७ हजार, म्हणजे २ लाख ३४ हजार कापून भरायचे, विवरणपत्र टाकायचं आणि परताव्याची वाट बघायची. रक्कम बँकेतून न काढता नुसती भांडवल खात्याला जमा केलीत तरी कापायचा. तुम्ही तो कापताय का, हे मला पहिल्यांदा विचारायचं आहे. मार्चअखेर एकदम नोंद टाकायची आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि वर्षभर थोडी थोडी उचल झालेली असते. ती उचल मोबदल्यापोटीची असेल तर टीडीएसची तारीखही तेव्हाचीच धरली जाईल. ज्याचा कर लागतच नाही त्याचे १ लाख १७ हजार वर्षभर सरकारकडे ठेवण्यात मला काही न्याय दिसत नाही. बारा लाखांपर्यंत सूट देऊन एका हाताने दिलासा दिला आणि या कलमाने तोच पैसा दुसऱ्या हाताने अडवला.

दुसरं कलम ४३बी(एच). हे २०२३ च्या बजेटमध्ये आलं, लागू झालं १ एप्रिल २०२४ पासूनच्या आकारणीला. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक-सेवा उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर माल घेणाऱ्याला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. लेखी करार नसेल तर मुदत पंधरा दिवस, असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस. करारात नव्वद लिहिले तरी कायदा पंचेचाळीसच धरतो.

मार्च २०२४ चे ते दिवस मला चांगले आठवतात. भोसरीतला एक प्लेटिंगवाला हातात पत्र घेऊन आला. पार्टीच्या खरेदी विभागाने छापील मजकूर पाठवला होता: ‘आमची उद्यम नोंदणी नाही असं लेटरहेडवर लिहून द्या.’ उद्यम म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी; ती नाही म्हटलं की पार्टी या कलमातून सुटायला बघते. त्याची नोंदणी होती. खाली सहीची जागा मोकळी होती आणि शेवटच्या ओळीत पुढच्या महिन्याच्या ऑर्डरचा उल्लेख होता. बोटांवर निकेलचे हिरवट डाग असलेला तो हात त्या कागदावर किती तरी वेळ तसाच होता. मी सांगितलं, खोटं लिहून देऊ नका. त्याने दिलं नाही. ऑर्डर दोन महिने निम्म्यावर आली, मग पूर्ववत झाली, कारण तसं काम करणारा त्यांना दुसरा मिळाला नाही. सगळ्यांचं असं निभावत नाही. त्याच महिन्यात माझ्या दुसऱ्या तीन गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं न मिळालेली येणी ३० मार्चपर्यंत खात्यात मिळाली, हेही खरं आहे.

म्हणून मी या कलमाच्या बाजूची आहे, पण त्यातली उणीव सांगते. ते वर्षातून एकदाच चावतं. जुलैचं बिल पार्टीने दाबून ठेवलं आणि मार्चमध्ये चुकतं केलं, तर तिला आयकरात काहीच सोसावं लागत नाही. आठ महिने तुमचा पैसा वापरला तो वापरलाच. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज एमएसएमई कायद्यात २००६ पासून आहे, पण ते मागायला तक्रार करावी लागते, आणि ज्याची सत्तर टक्के विक्री एकाच पार्टीला आहे तो तक्रार कशी करेल? ते व्याज पार्टीच्या ताळेबंदात आपोआप दिसलं पाहिजे आणि आपोआप दिलं गेलं पाहिजे. ऑडिटरने तो आकडा लिहायचा असतोच. लिहिण्यापुढे पाऊल टाकायची गरज आहे.

जकातीचा काळ तुमच्या वडिलांनी बघितला असेल. पुणे वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं, भोसरीतून हडपसरला माल न्यायचा तर नाक्यावर टेम्पोची रांग, पावती, वेळ. मग एप्रिल २०१३ मध्ये जकातीऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, लक्ष्मी रोडची दुकानं त्याविरुद्ध बंद राहिली, ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींच्या आतल्यांची त्यातून सुटका झाली, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. चार वर्षांत तीन व्यवस्था. नाके गेले याचं मला मनापासून समाधान आहे. पण त्या चार वर्षांत छोट्या व्यापाऱ्याने हिशेबाची पद्धत तीनदा बदलली, तीनदा सॉफ्टवेअर घेतलं, तीनदा चुकून दंड भरला. धोरण बदलण्याची किंमत असते, आणि ती वित्त विधेयकाच्या निवेदनात कुठेही छापलेली नसते. आयकरातही हेच. २०१२ मध्ये पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती केली, ती २०२१ मध्ये मागे घ्यावी लागली. नव्या कंपन्यांनी शेअर विकून उभ्या केलेल्या पैशावरचा एंजल टॅक्सही २०१२ चाच, तो २०२४ मध्ये काढला. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ घेतो. ‘आकारणी वर्ष’ हा शब्द जाऊन ‘कर वर्ष’ येतो, कलमांचे क्रमांक बदलतात. भाषा सोपी झाली आहे. तुमच्यासाठी दर त्याने बदलत नाहीत, घाबरू नका.

गोपाळ कृष्ण गोखले आपल्या पुण्याचे, फर्ग्युसनमध्ये शिकवायचे. १९०२ साली त्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात बजेटवर पहिलं भाषण केलं, तेव्हा सरकार शिलकीचं कौतुक करत होतं. गोखल्यांचं म्हणणं असं, की दुष्काळ आणि प्लेगने लोक पिचलेले असताना वर्षामागून वर्ष शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि आयकर लागू होण्याची मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. जीएसटी वसुलीचा विक्रमी आकडा छापून येतो तेव्हा मला त्या भाषणाची आठवण येते. त्या आकड्यात तुमच्यासारख्यांनी उधारी मिळायच्या आधी भरलेले किती, हे कुणी मोजलं पाहिजे.

आता तुम्ही काय करायचं ते. उद्यम नोंदणी काढून बघा. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत दहा कोटींपर्यंत सूक्ष्म उद्योग धरतात, तुम्ही त्यात बसता. क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. तुमच्या पार्टीची उलाढाल अडीचशे कोटींच्या वर आहे, म्हणजे तिला ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी करणं बंधनकारक आहे. तिथे बिल चढवलं आणि पार्टीने स्वीकारलं, की बँका बोली लावतात आणि काही दिवसांत पैसे येतात, तेही पार्टीची पत बघून, त्यामुळे व्याज तुमच्या सीसीपेक्षा कमी पडायला वाव असतो. पार्टीच्या अकाउंट्समध्ये जाऊन विचारा, फोनवर नको. जीएसटीसाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि आलेल्या प्रत्येक पेमेंटमधला कर त्याच दिवशी तिकडे वळवा. तुम्ही स्वतः ज्यांच्याकडून प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट करून घेता तेही सूक्ष्मच आहेत. त्यांच्याशी लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांचा नियम तुम्हालाही लागू आहे, आणि तुम्हाला ज्याचा त्रास होतो तेच त्यांना देऊ नका.

डीडची प्रत आणि चालू वर्षाचं भागीदारांच्या खात्याचं लेजर घेऊन जानेवारीतच या, टीडीएस राहिला असेल तर मार्चआधी सुधारता येईल. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक काम नक्की करा. पार्टीने १४ फेब्रुवारीपर्यंत स्वीकारलेल्या मालाच्या थकलेल्या बिलांची यादी तयार करा, कारण त्या तारखेपासूनचे पंचेचाळीस दिवस बरोबर ३१ मार्चला संपतात. बिल क्रमांक, माल स्वीकारल्याची तारीख, रक्कम, तुमचा उद्यम क्रमांक, एवढंच एका पानावर. खरेदी विभागाला नको, त्यांच्या वित्त विभागाला पाठवा आणि पोच घ्या.